घाटात दमणारा ट्रक

"बाई, आमच्या ट्रकला दम लागतो!"

काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा असं म्हणाला आणि सगळा वर्ग खो-खो हसला. पण त्याचं खरंच होतं. त्याचे पप्पा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया भरून पुण्याला न्यायचे. ट्रक जुना. खोपोलीपर्यंत मजेत जायचा, पण बोरघाट लागला की काळा धूर ओकत रांगायचा. एका मेकॅनिकने सुचवलं होतं, "सुपरचार्जर बसवू, गाडी पळेल!" पप्पा विचारात पडले होते. खर्च मोठा, आणि घर चालायचं ते त्या एका ट्रकवर.

मुलांनो, हा सुपरचार्जर म्हणजे काय बरं? गावाकडची चूल आठवा. आग मंदावली की आजी फुंकणीने फुंकर घालते आणि जाळ भडकतो. लाकडं तीच, फक्त हवा वाढली. लोहाराचा भाताही हेच करतो. इंजिनातही जाळच असतो, आणि त्याला हवा फार लागते. एक लिटर डिझेल पुरतं जाळायला सुमारे दहा हजार लिटर हवा हवी! म्हणजे दोनशे लिटरची पन्नास पिंपं. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होऊन बाहेर पडते. घाटातला काळा धूर तो हाच.

साधं इंजीन आपल्या श्वासाने मिळेल तेवढीच हवा ओढतं. सुपरचार्जर हा हवेचा पंप. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. त्याला फिरवतं इंजीनच, पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी. म्हणजे जास्त ताकद मिळवण्यासाठी थोडी ताकद आधी खर्च करायची.

यावर स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने तोड काढली. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावरच पंप फिरवला तर? १९०५ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. हाच टर्बोचार्जर. त्याचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतं! आज न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रकांना टर्बो कारखान्यातूनच बसवलेला असतो. लांबून आलेला ड्रायव्हर गाडी थांबवूनही इंजीन मिनिटभर चालू ठेवतो, पाहिलंय? तापलेल्या टर्बोला तेलाने थंड होऊ द्यायचं असतं.

मग जुन्या ट्रकला पंप लावायला काय हरकत आहे?

हरकत आहे. नुसत्या जादा हवेने ताकद वाढत नाही, डिझेलही वाढवावं लागतं. मग इंजिनातला दाब वाढतो, उष्णता वाढते. कारखान्यात टर्बोचं इंजीन बनवताना पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट हे सगळं त्या हिशेबाने मजबूत करतात. साध्या इंजिनाला तो ताण सोसेलच असं नाही. गिअर, क्लच आणि ब्रेक तर जुनेच राहणार! ताकद वाढली म्हणून माल जास्त भरला आणि उतारावर ब्रेक तापून निकामी झाले, तर? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत.

पप्पांनी दुसऱ्या एका जुन्याजाणत्या मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने आधी एअर फिल्टर काढला. तो धुळीने गच्च भरलेला! "अहो, हिचं नाकच चोंदलंय, पंप कशाला?" मिस्त्री म्हणाला. नवा फिल्टर बसवला, डिझेलचा पंप तपासला, आणि पप्पांनी मालही कागदावर असतो तेवढाच भरायचं ठरवलं.

पुढच्या सोमवारी तो मुलगा वर्गात शिरला तोच ओरडत, "बाई, ट्रकने घाट चढला! धूर पण कमी झाला!" या वेळी वर्ग हसला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता तुम्ही एक करून पाहा. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि दहा-पंधरा वेळा हवा मारा. मग पंपाच्या खालच्या टोकाला हळूच हात लावा. गरम लागेल. हवा दाबली की तापते. म्हणूनच टर्बोच्या ट्रकमध्ये दाबलेली हवा आधी थंड करून मग इंजिनात सोडतात. त्या जाळीला म्हणतात इंटरकूलर. तो ट्रकमध्ये कुठे असतो, हे ओळखीच्या ड्रायव्हरकाकांना नक्की विचारा. मात्र गाडी उभी असताना हं!