निव्वळ शून्याचा हिशेब: मुंबईच्या वातावरण कृती आराखड्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

बृहन्मुंबई महानगरपालिकेने 13 मार्च 2022 रोजी ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ जाहीर केला आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे शहरामुळे वातावरणात जाणारे आणि वातावरणातून काढून घेतले जाणारे हरितगृह वायू सारखेच असतील अशा स्थितीचे, उद्दिष्ट स्वीकारले. त्याआधी चारच महिने ग्लासगो येथील जागतिक परिषदेत भारताने स्वतःसाठी 2070 ही मुदत जाहीर केली होती. मुंबईने ती वीस वर्षे अलीकडे आणल्यामुळे आराखड्याचे कौतुक झाले, आणि त्या कौतुकासोबत त्याच्या अंमलबजावणीविषयी काही समजुतीही रूढ झाल्या, ज्या आराखड्यातीलच आकड्यांपुढे टिकत नाहीत.

सर्वांत पक्की समजूत अशी की आराखडा महापालिकेचा आहे, तेव्हा उत्सर्जन कमी करणे हेही महापालिकेच्याच हाती आहे. आराखड्याने 2019 हे आधारवर्ष धरले असून त्या वर्षी मुंबईचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य इतके होते. मिथेनसारख्या वायूंची उष्णता अडवण्याची शक्ती वेगवेगळी असल्याने ते सारे कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून एकत्र मोजले जातात, त्यालाच ‘समतुल्य’ म्हणतात. या बेरजेत इमारती व उद्योगांतील ऊर्जावापराचा वाटा 72 टक्के, वाहतुकीचा 20 टक्के आणि घनकचऱ्याचा 8 टक्के आहे. यांपैकी महापालिकेच्या थेट ताब्यात असलेला विभाग कोणता, असे विचारले तर उत्तर शेवटचा, म्हणजे सर्वांत लहान, असे येते. वीज शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी व टाटा आणि भांडुप-मुलुंड पट्ट्यात महावितरण पुरवते. या कंपन्यांनी कोणती वीज कोणत्या दराने घ्यावी हे राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने ठरते. उपनगरी रेल्वे केंद्राकडे आहे, तर मेट्रोची कामे राज्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या यंत्रणांकडे आहेत. बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम असल्याने तेवढी एक किल्ली पालिकेजवळ आहे, पण तीही नियामकाच्या चौकटीतच फिरते.

विजेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती भूगोलाची आहे. मुंबईला लागणारी वीज पूर्वापार बऱ्याच अंशी जवळच तयार होत आली: ट्रॉम्बे आणि डहाणू येथील औष्णिक केंद्रे, शिवाय खोपोली, भिवपुरी, भिरा येथील टाटांची जुनी जलविद्युत केंद्रे. बाहेरून वीज आणणाऱ्या पारेषण वाहिन्या, म्हणजे उच्च दाबाच्या मुख्य तारा, मोजक्याच होत्या आणि त्या अपुऱ्या आहेत हे 12 ऑक्टोबर 2020 रोजी शहर अंधारात गेले तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. त्यामुळे राजस्थानातील वा सोलापूरकडील सौरवीज विकत घेण्याचा करार कागदावर झाला, तरी ती वीज शहरात आणण्याची वाट असल्याशिवाय येथील कोळशाचे संच बंद करता येत नाहीत. खारघर-विक्रोळी ही 400 किलोव्होल्टची वाहिनी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली आणि सुमारे 1,000 मेगावॅट वीज आणण्याची सोय झाली. वातावरण आराखड्याच्या प्रगतीविषयीच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो, कारण तारांच्या मनोऱ्याचे उद्घाटन उद्यानाच्या उद्घाटनाइतके देखणे नसते. पण 72 टक्क्यांच्या त्या मोठ्या विभागाकडे पाहिले, तर आराखड्याचा खरा रस्ता तिच्यासारख्या कामांवरूनच जातो. महापालिकेच्या स्वतःच्या बाजूने मध्य वैतरणा धरणावर 20 मेगावॅट जलविद्युत व 80 मेगावॅट तरंगत्या सौरविजेचा प्रकल्प योजलेला आहे, जो उपयुक्त असला तरी शहराच्या मागणीच्या तुलनेत लहानच आहे.

दुसरा गैरसमज पैशांविषयी आहे. महापालिकेने जून 2024 मध्ये देशातील पहिला ‘वातावरणीय अर्थसंकल्प’ प्रसिद्ध केला आणि 2024-25 च्या भांडवली तरतुदींपैकी सुमारे 10,224 कोटी रुपये, म्हणजे जवळपास 32 टक्के, वातावरणाशी निगडित कामांसाठी असल्याचे सांगितले. हा आकडा ऐकून दहा हजार कोटी नव्याने आले, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु वातावरणीय अर्थसंकल्प ही वेगळी तिजोरी नसून नेहमीच्याच अर्थसंकल्पातील कामांची छाननी करून त्यांपैकी कोणती उत्सर्जन घटवतात आणि कोणती शहराला बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला मदत करतात, हे दाखवण्याची पद्धत आहे. ऑस्लो शहराने ती रूढ केली. तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक खात्याला आपल्या खर्चाचा असा हिशेब प्रथमच द्यावा लागतो. मात्र खर्चाची नोंद म्हणजे उत्सर्जनातील घट नव्हे.

या तरतुदींत सर्वांत मोठा वाटा पूरनियंत्रण व जलव्यवस्थापनाचा आहे आणि तेथेच ‘उपशमन’ व ‘अनुकूलन’ यांतला भेद महत्त्वाचा ठरतो. उपशमन म्हणजे वायूंचे उत्सर्जन कमी करणे, तर अनुकूलन म्हणजे जो बदल आता टळणार नाही त्याला तोंड देण्याची तयारी करणे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर ‘ब्रिमस्टोवॅड’ या पर्जन्य जलवाहिन्यांच्या योजनेला वेग आला आणि वाहिन्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटरवरून 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याचे ठरले. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया व गझदरबंध ही सहा उदंचन केंद्रे, म्हणजे भरतीच्या वेळी साचलेले पाणी पंपाने समुद्रात टाकणारी ठिकाणे, याच योजनेतली आहेत. हिंदमाता परिसरासाठी बांधलेल्या भूमिगत टाक्याही तशाच उपयोगाच्या आहेत. आराखड्याच्या पाहणीनुसार शहरातील सुमारे 35 टक्के लोक वारंवार पाणी तुंबणाऱ्या जागांपासून 250 मीटरच्या आत राहतात, तेव्हा हा खर्च अनाठायी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पण पंप वाढल्याने निव्वळ शून्य एका टनानेही जवळ येत नाही. उलट पंप विजेवर चालतात.

झाडे लावून उत्सर्जन भरून काढता येईल, हा गैरसमज ढोबळ हिशेबानेच दूर होतो. एक वाढलेले झाड वर्षाला साधारण 20 किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असे धरले, तर 2019 चे उत्सर्जन भरून काढण्यास सुमारे 117 कोटी झाडे लागतील. 2018 च्या वृक्षगणनेत मुंबईत 29 लाख 75 हजार झाडे होती. मियावाकी पद्धतीची दाट रोपवने सावली देतात, जमिनीत पाणी मुरवतात, भोवतालचे तापमान उतरवतात, आणि तेवढ्यासाठी ती हवीच. उत्सर्जनाच्या वजाबाकीत मात्र त्यांना नगण्य स्थान आहे.

वाहतुकीबाबत बसगाड्या विजेवर आल्या की काम झाले, असे मानले जाते. विजेसोबत बससेवाही चालवणाऱ्या बेस्टने डिझेलच्या जुन्या दुमजली गाड्या 2023 मध्ये निवृत्त केल्या आणि त्याच वर्षी विजेवरच्या दुमजली गाड्या आणल्या, हे खरे. पण एकेकाळी चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे आणि मे 2025 मध्ये किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले आहे. बस मिळाली नाही म्हणून दुचाकीवर वा ॲप-टॅक्सीत बसलेल्या प्रवाशाचे उत्सर्जन, बस विजेची होती की डिझेलची, याने कमी होत नाही. याउलट आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली, हे वाहतुकीच्या बाजूचे भरीव पाऊल मानावे लागेल. तिच्या आरेतील कारशेडवरून वर्षानुवर्षे चाललेला वाद लक्षात घेता ही गोष्ट काहींना रुचणार नाही.

धुरकट हवा आणि तापणारे वातावरण एकच, असाही समज आढळतो. बांधकामाच्या धुळीवर ऑक्टोबर 2023 मध्ये घातलेले निर्बंध किंवा लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी 2025 चा आदेश फुफ्फुसांसाठी मोलाचा आहे. धूळ मात्र हरितगृह वायू नाही.

उरतो तो 2050 दूर आहे, हा समज. आराखड्यानुसार 2030 पर्यंत 30 टक्के, 2040 पर्यंत 44 टक्के आणि त्यानंतरच्या दहाच वर्षांत उरलेली सर्व घट साधायची आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक भार अखेरच्या दशकावर टाकलेला आहे. शिवाय आराखडा जाहीर होण्याच्या सहाच दिवस आधी नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला, त्यामुळे वातावरणीय अर्थसंकल्पाच्या पहिल्या आकड्यांवर सभागृहात प्रश्न विचारणारे निवडून आलेले कोणीच नव्हते. दरम्यान जुन्या चाळी व सोसायट्यांचा पुनर्विकास मात्र जोरात चालू राहिला. आज उभा राहणारा काचेचा मनोरा 2050 मध्येही वापरात असेल आणि त्याची वातानुकूलन यंत्रणा किती वीज खाईल हे त्याच्या भिंती, खिडक्या व दिशा यांवरून आताच ठरत आहे. बांधकामाचा आराखडा मंजूर करणे हे ऊर्जेच्या त्या 72 टक्क्यांशी संबंधित असलेले आणि तरीही नियोजनाच्या विशेष क्षेत्रांचा अपवाद सोडल्यास महापालिकेच्या स्वतःच्या सहीने होणारे काम आहे.