जुन्या डिझेल मर्सिडीज मोटारींची निगा : छंद, कौशल्य आणि जबाबदारी

मोटार जुनी झाली की ती मोडीत काढावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. तथापि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची मोटार सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी खोलून, स्वच्छ करून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणारी मंडळी जगभर आहेत आणि आपल्या देशातही आहेत. अशा छंदिष्टांमध्ये जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या जुन्या डिझेल मोटारींना विशेष मान आहे. हा केवळ श्रीमंतांचा षोक असावा असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या गाड्यांची निगा राखण्यासाठी पैशापेक्षा शिस्त, धीर आणि यंत्राची समज यांचीच अधिक गरज असते. शिवाय या इंजिनाच्या कुळाशी आपल्या खेड्यापाड्यांचे नातेही जवळचे आहे.

पूर्वपीठिका

रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले. सुरुवातीची डिझेल इंजिने अवजड असल्याने ती कारखाने, जहाजे व मालमोटारी यांपुरतीच मर्यादित होती. फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने ‘२६० डी’ ही मोटार मांडली. नियमित उत्पादनात आलेल्या अगदी पहिल्या डिझेल प्रवासी मोटारींपैकी ती एक होय. तिची शक्ती अवघी ४५ अश्वशक्ती होती. वेग बेताचा, पण इंधनाचा खर्च कमी, म्हणून टॅक्सीवाल्यांनी ती आपलीशी केली.

युद्धोत्तर काळात ‘१७० डी’, ‘१८० डी’, ‘१९० डी’ अशी मालिका पुढे चालली. १९७३ साली ‘२४० डी’ आली. तर १९७४ साली पाच सिलिंडरांचे डिझेल इंजिन प्रवासी मोटारीत प्रथमच बसविण्यात आले. छंदिष्टांना सर्वांत प्रिय असलेली ‘डब्ल्यू १२३’ ही मालिका १९७६ साली सुरू झाली. सुमारे दहा वर्षांत पेट्रोल व डिझेल मिळून या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या तयार झाल्या. मोरोक्कोसारख्या देशात तर हीच गाडी कित्येक दशके गावोगावी उतारूंची वाहतूक करीत राहिली.

या गाड्यांच्या टिकाऊपणाचा प्रसिद्ध दाखला ग्रीसमधील आहे. ग्रेगोरिओस साचिनिदिस या टॅक्सीचालकाने आपली १९७६ सालची ‘२४० डी’ तब्बल ४६ लाख किलोमीटर चालविली आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयास दिली. मात्र या अवधीत त्या गाडीची इंजिने अनेकदा उतरवून नव्याने बांधावी लागली, हेही ध्यानी घ्यावयास हवे. गाडी आपोआप टिकली नाही, ती टिकविली गेली.

आपल्याशी असलेले नाते

भारी सीमाशुल्कामुळे त्या काळी या मोटारी आपल्याकडे थोड्याच आल्या. १९९५ साली पुण्यात मर्सिडीज मोटारींचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा पहिली पिढी ‘डब्ल्यू १२४’ या मालिकेची होती व तिच्यात डिझेल गाड्याही होत्या. परंतु खरे नाते त्याहून जुने आहे. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून ‘ओएम ६१६’ हे इंजिन येथे तयार करण्यास प्रारंभ केला. ‘२४० डी’ मोटारीतील इंजिन तेच. पुढे टेम्पो ट्रॅव्हलर व ट्रॅक्स या गाड्यांमधून ते गावोगावी पोहोचले. बाजाराच्या दिवशी खचाखच भरून जाणाऱ्या ट्रॅक्सचे इंजिन खोललेल्या मिस्त्रीला जुन्या मर्सिडीजचे बॉनेट उघडल्यावर फारसे परके वाटत नाही, ते यामुळेच. अर्थात सुटे भाग सरसकट जुळतीलच असे नाही. प्रत्येक भागाचा क्रमांक ताडून पाहणे आवश्यक आहे.

इंजिनाचे कार्य

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. येथे सिलिंडरातील हवा सुमारे एकवीसपट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. या जुन्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरात न फवारता प्रथम एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते. तेथे ज्वलनास आरंभ होऊन ज्वाला बारीक छिद्रांतून सिलिंडरात शिरते. यामुळे इंजिनाचा धक्का सौम्य होतो. इंजिन थंड असता हा कक्ष तापविण्यासाठी प्रत्येक सिलिंडरास एक हीटर प्लग दिलेला असतो.

इंजिन एकदा सुरू झाले की ते चालू राहण्यास विजेची गरज उरत नाही. संगणक नाही, संवेदक नाहीत. इंधनाचे माप यांत्रिक पंप ठरवितो. म्हणूनच साध्या हत्यारांनिशी घरच्या अंगणात या गाडीची बहुतेक कामे करता येतात.

नियमित करावयाची कामे

पहिले काम तेलबदलाचे. डिझेलच्या काजळीमुळे नवे तेलही थोड्याच अंतरात काळे पडते. तो दोष नव्हे. मात्र काजळी साठू देणे इंजिनास घातक असल्याने जाणकार मंडळी साधारणतः दर पाच हजार किलोमीटरला तेल व फिल्टर बदलतात.

दुसरे काम टॅपेटचे अंतर जुळविण्याचे. ‘२४० डी’सारख्या इंजिनांत हे अंतर आपोआप जुळत नाही, दर वीस-पंचवीस हजार किलोमीटरला ते हाताने जुळवावे लागते. इंजिन थंड असता झडपांवरील झाकण काढून, क्रँक हाताने फिरवून, प्रत्येक झडप पूर्ण मिटलेली असताना फीलर गेजने माप घेतात. हवा आत घेणाऱ्या झडपेचे अंतर ०.१० मिलिमीटर, तर धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचे इंजिनाच्या प्रकारानुसार ०.३० ते ०.४० मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अंतर कमी झाल्यास झडप पुरती मिटत नाही, हवेचा दाब घटतो आणि सकाळी गाडी सुरू होण्यास कुरकुर करते. असे झाले की पुष्कळ लोक बॅटरीस दोष देऊन नवी बॅटरी आणतात. वास्तविक काम एका दुपारचे आणि जवळजवळ बिनखर्चाचे असते.

तिसरे काम इंधनमार्गाचे. टाकीत पाणी व कचरा साचतो, दमट हवेत डिझेलमध्ये सूक्ष्म जीवांचा चिकट थरही धरतो. तेव्हा लहान व मोठा असे दोन्ही फिल्टर वेळच्या वेळी बदलावेत. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी रिती झाल्यावर पंप हवा धरतो; अशा वेळी पंपावरील हातपंप मारून ती काढावी लागते. या हातपंपाचे रबर जुने झाले की तेथूनच हवा शिरते व गाडी वाटेत बंद पडते. जैवडिझेल वापरल्यास जुन्या रबरी नळ्या फुगतात व टाकीतील मळ सुटून फिल्टर तुंबतात, याकडेही लक्ष असावे.

चौथी बाब हीटर प्लगांची. जुन्या प्रकारात हे प्लग एकामागून एक अशा एकाच साखळीत जोडलेले असतात. एक जळाला की सारेच बंद पडतात. नंतरच्या प्रकारात प्रत्येकाची जोडणी स्वतंत्र असते. त्यामुळे एक जळाला तरी गाडी सुरू होते, पण थोडा वेळ थरथरते व पांढरा धूर सोडते. साध्या मीटरने प्रत्येक प्लग तपासून नेमका निकामी झालेला शोधता येतो.

या गाड्यांचे एक वैशिष्ट्य नवख्यास बुचकळ्यात पाडते. किल्ली फिरवून काढली तरी इंजिन चालूच राहते! इंजिन बंद करण्याचे काम येथे हवेच्या पोकळीने, म्हणजे व्हॅक्यूमने होते. इंजिनावरील एक छोटा पंप ही पोकळी निर्माण करतो आणि ब्रेकला साह्य करणे, काही गाड्यांत दारांची कुलपे लावणे, ही कामेही तीच करते. बारीक नळीला कोठे चीर गेली की इंजिन बंद होत नाही. दुरुस्ती बहुधा काही रुपयांच्या रबरी जोडाची असते. पण तो जोड शोधण्यास एखादा रविवार खर्ची पडतो. तोवर बॉनेटखालील इंजिन थांबविण्याचा दांडा कोठे आहे, हे प्रत्येक चालकास ठाऊक असावे.

धुराची भाषा

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त वा हवा कमी. हवेचा फिल्टर व नोझल पाहावेत. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला व पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

गाडी घेताना

‘स्वस्तात मिळालेली जुनी मर्सिडीज सर्वांत महाग पडते’ असे या छंदातील लोक म्हणतात. इंजिन नव्याने बांधता येते, पण सडलेला सांगाडा सावरणे कठीण. म्हणून प्रथम गंज पाहावा : जॅक लावण्याच्या जागा, पायाखालचा पत्रा, बॅटरीखालची बैठक, डिकीतील जादा चाकाचा खळगा. गोवा व कोकणच्या खाऱ्या हवेत ही तपासणी अधिकच काटेकोर हवी. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून दाखविण्याचा आग्रह धरावा. इंजिन चालू असता तेलाचे झाकण सैल करून नुसते वर ठेवावे. ते नाचू लागले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे.

सुरक्षितता

केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम घोड्यांचा आधार द्यावा. नोझलचा फवारा तपासताना हात दूर ठेवावा. शंभराहून अधिक बार दाबाचा तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी विनाविलंब रुग्णालयात जावे. काढलेले तेल गटारात, विहिरीजवळ वा शेतात ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते व अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावयास हवे.

कायदा व आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवास कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. जुन्या इंजिनास धूर गाळणारी आधुनिक साधने नसतात. तेव्हा अशी गाडी रोजच्या वाहतुकीसाठी नव्हे, तर मर्यादित वापरासाठीच असणे उचित. शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभे राहू नये व प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र केवळ कागदापुरते मानू नये. आपल्या छंदाचा धूर शेजाऱ्याच्या लेकराने घ्यावा, हे कोणासही समर्थनीय वाटणार नाही.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करावी लागते व त्यानंतर दर पाच वर्षांनी. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी खाजगी वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो व नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र प्रदर्शन, मेळावे, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतेच ते रस्त्यावर आणता येते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर २०१५ व २०१८ सालच्या न्यायिक आदेशांनी निर्बंध आले व पुढे त्यांत फेरबदलही झाले. तिकडे जाण्यापूर्वी चौकशी करावी. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, सुस्थितीतील वाहनांस १९९७ पासून विशेष क्रमांकाची सोय आहे.

शिक्षक व तरुणांसाठी

आजच्या मोटारीतील बिघाड संगणक सांगतो आणि मिस्त्री भाग बदलतो. आवाज, धूर, वास व स्पर्श यांवरून दोष ओळखणारे जुने कारागीर मात्र एकेक करून कमी होत आहेत. त्यांच्यासोबत ते ज्ञानही लोप पावण्याचा संभव आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी असे एखादे जुने इंजिन मिळवून विद्यार्थ्यांकडून खोलवून घ्यावे, टॅपेट जुळवून घ्यावेत आणि परिसरातील वयोवृद्ध मिस्त्रीस आठवड्यातून एक दिवस वर्गात सन्मानाने पाचारण करावे. शेतातील पंप, ट्रॅक्टर, गावची ट्रॅक्स या सर्वांचे मूलतत्त्व एकच आहे. जो विद्यार्थी एका इंजिनाची निगा नीट राखण्यास शिकेल, त्याच्या हाती उद्या गावातील दहा इंजिने निर्धास्तपणे सोपविता येतील.