परदेशातील खोली आणि मित्राचे साहाय्य

सातारा-सांगलीकडचा विद्यार्थी शिकण्यासाठी गाव सोडतो, तेव्हा राहावयाचे कोठे हा प्रश्न त्याच्या वळकटीबरोबरच निघतो. ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, ते हा प्रश्न ओळखूनच. परंतु परदेशी निघालेल्याला बहुधा तेथील एखाद्या मित्रालाच पत्र घालावे लागते.

त्यात कमीपणा मुळीच नाही. ज्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तेथे लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनला १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरी ते राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आजचे ते स्मारक एके काळी एका विद्यार्थ्याचे बिऱ्हाड होते!

आता मित्राला विनंती कशी करावी ते पाहू. 'माझ्यासाठी एखादी खोली बघून ठेव' हे वाक्य लिहावयास सोपे, पण त्याने सारा भार मित्राच्या डोक्यावर जातो. भाडे किती झेपेल, कोणत्या तारखेपासून हवी, भागीदारीत चालेल का, स्वयंपाक हाताने करणार का, एवढे तरी कळवावे. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज आपला आपण भरावा, जागाही आपणच हेराव्या; मित्राकडे मागावे ते त्याचे डोळे. त्याने एकदा जाऊन जागा व घरमालक खरे आहेत एवढे पाहावे. त्यापूर्वी पैसे धाडू नयेत. छायाचित्रातील खोली प्रत्यक्षात नसल्याचे अनुभव पुष्कळांना आले आहेत.

भाड्याचा आकडाही उलगडून विचारावा. जर्मनीत 'काल्टमीटे', म्हणजे थंड भाडे, यात घर ऊबदार ठेवण्याचा खर्च धरलेला नसतो. आणि अनामत अशा तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही. इंग्लंडात २०१९ च्या कायद्याने सामान्य विद्यार्थ्याच्या जागेसाठी ही मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याची आहे.

सर्वांत नाजूक गोष्ट जामिनाची. ब्रिटनमध्ये पुष्कळ घरमालक तेथेच राहणारा जामीन मागतात. मित्राने सही केली आणि आपले भाडे थकले, तर ते त्याला भरावे लागते. एकाच करारावर दोघांची नावे असली तरी बहुधा तोच प्रकार. ज्याच्या घरी सांगलीत आईवडील पगाराची वाट पाहत आहेत, अशा मित्रावर हे ओझे लादण्यापूर्वी दहादा विचार करावा. तो 'नाही' म्हणाला, तर मैत्री आटली असे समजू नये. त्याने व्यवहार जाणला, इतकेच.

आणि खोली मिळाली की ऋण फिटले असे आम्ही मानीत नाही. पुढल्या वर्षी कराडचा किंवा मिरजेचा एखादा अनोळखी मुलगा पत्र घालील. त्याची खोली पाहून येण्यासाठी एक संध्याकाळ खर्चावी. ते ऋण फेडण्याची हीच रीत होय.