शाळेतला इतिहास (भाग ४) : एकसरचे वीरगळ आणि पुस्तकाची पानं

मागच्या भागात दादोजी कोंडदेवांचा वाद पाहिला. पुण्याच्या लाल महालातून डिसेंबर २०१०मध्ये त्यांचा पुतळा हलवला गेला. शिवरायांचे गुरू कोण, हा प्रश्न तेव्हा चौकात सोडवला गेला आणि कागदपत्रं बाजूला राहिली. या वेळी मुंबईच्या उपनगरात येऊ, कारण इथे एकाच मजल्यावर दोन इतिहास शिकवले जातात.

बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीत बघा. समोरासमोरच्या दोन घरांतली मुलं एकाच इयत्तेत असतात, पण एकाचं पुस्तक बालभारतीचं असतं आणि दुसऱ्याचं एनसीईआरटीचं. पहिल्याला चौथीत अख्खं ‘शिवछत्रपती’ मिळतं आणि सातवीत मराठ्यांचा इतिहास पुन्हा सविस्तर येतो. दुसऱ्याला काल-परवापर्यंत मराठे भेटायचे ते अठराव्या शतकावरच्या एका धड्यात, तेही राजपूत, शीख आणि जाट यांच्यासोबत, काही परिच्छेदांपुरते. बदलीच्या नोकऱ्यांतली माणसं सीबीएसई घेतात, हा समज आता जुना झाला. जोगेश्वरी पूर्वेला पूनमनगरमध्ये २०२०पासून महापालिकेचीच सीबीएसई शाळा आहे.

म्हणून ‘आमच्या मुलांना महाराज किती शिकवता?’ हा प्रश्न इथे घरोघरी विचारला जातो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा पानांत दिलं जातं. २०१७मध्ये राज्य मंडळाची सातवी आणि नववीची नवी पुस्तकं आली, तेव्हा सातवीत मोगल आक्रसले आणि मराठे वाढले. विषय समितीचे अध्यक्ष सदानंद मोरे यांची भूमिका उघड होती: मध्ययुगीन भारत सांगतानाही केंद्रस्थानी महाराष्ट्र. टीकाकारांनी विचारलं, मोगल कुठे गेले? २०२५मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र, भरघोस धडा आला. महाराष्ट्र सुखावला. मग त्यातल्या एका नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवलंय, म्हणून राजस्थानातून आक्षेप आला आणि एनसीईआरटीला तज्ज्ञ समिती नेमावी लागली. अंधेरीत जे कमी वाटत होतं, ते जैसलमेरात जास्त झालं.

पानांना अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला मराठेशाही दोन परिच्छेदांत उरकून दिली जात असेल, तर तक्रार रास्तच आहे. पण मोगल कापून मराठे मोठे होतात, हा हिशेब मला कधीच पटला नाही. औरंगजेब १६८१मध्ये दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. १७०७मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला मेला. काबूलपासून बंगालपर्यंतच्या मुलखाचा धनी पंचवीस वर्षं या डोंगरदऱ्यांत का अडकून पडला? हा प्रश्न मुलाला पडायचा असेल, तर ते साम्राज्य केवढं होतं, त्याचा खजिना कसा भरायचा, मनसबदार कसे पोसले जायचे, हे त्याला आधी कळलेलं असावं लागतं. मोगलांना एका पानात बसवलं की संभाजीराजे, राजाराम आणि ताराबाईंची झुंजही तेवढीच लहान होते. मोगल कापणाऱ्यांच्या हे लक्षात कसं येत नाही, कोण जाणे.

गंमत अशी, की राज्य मंडळाच्याच पुस्तकांत याहून चांगलं काहीतरी आहे आणि त्यावर कोणी भांडत नाही. नववीचं पुस्तक इतिहासाच्या साधनांपासून सुरू होतं. दहावीचं पुस्तक तर राजे-लढाया सोडून इतिहास लिहिला कसा जातो, हेच सांगतं. त्यात रांके येतो, मार्क्स येतो, कल्हण आणि बखरी येतात, चक्क फ्रेंच विचारवंत मिशेल फुको येतो. दहावीच्या मुलाला फुको! कल्पना धाडसी आहे, मला आवडली. मात्र इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस गुणांचा. तिथे फुको ‘योग्य पर्याय निवडा’मध्ये एका गुणाचा धनी होतो आणि व्हॉल्टेअर ‘आधुनिक इतिहासलेखनाचा जनक’ म्हणून दुसऱ्या गुणाचा. क्लासमध्ये हे जोड्या लावून घोटून घेतात. पुरावा तपासावा कसा, हे सांगणारा धडाच न तपासता पाठ होतो.

वास्तविक ही शिस्त आपल्याला बाहेरून आणावी लागलेली नाही. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा, पुढे असे बावीस झाले. आणि एकाच राजाकडे दोन बाजूंनी बघता येतं, हे महात्मा फुल्यांनी १८६९च्या शिवाजीच्या पवाड्यात दाखवलं होतं.

आता बोरिवली पश्चिमेला एकसरला चला. तिथे जुने वीरगळ उभे आहेत, पुरुषभर उंचीचे. लढाईत पडलेल्यांच्या नावाने उभारलेले हे दगड खालून वर वाचायचे असतात: तळाशी युद्ध, वर स्वर्ग. महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत, पण एकसरच्या काहींवर समुद्र आहे. वल्ह्यांच्या नौका रांगेने चाल करून येतात, एकमेकींना भिडतात, माणसं पाण्यात पडतात. लढाई कोणती, हे दगड सांगत नाही. १२६५च्या सुमारास देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या आरमारी युद्धाशी काही अभ्यासकांनी त्यांचा संबंध जोडला. काही जण त्यांना त्याआधीचे मानतात. सोमेश्वराचा शेवट आपल्याला कळतो तो हेमाद्रीच्या प्रशस्तीतून. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणं पत्करलं, असं तो लिहितो. हेमाद्री कोण? जिंकलेल्या बाजूचा मंत्री.

सातवीच्या वर्गाला या दगडांसमोर उभं करून एवढंच विचारायचं: कोण जिंकलं, आणि तुला ते कसं कळलं? कोणी म्हणेल, जास्त नौका कोणाच्या ते मोजू. कोणी म्हणेल, वर स्वर्ग दाखवलाय म्हणजे दगड मेलेल्यांच्या बाजूचा. हेमाद्री आपल्या राजाची स्तुतीच करणार, हेही एखादी मुलगी बोलून जाईल. फुकोचं नाव न घेता अर्धा धडा तिथेच होऊन जातो.

एकसरचं भांडण सोपं, कारण यादव-शिलाहारांवरून आज कोणाचं रक्त तापत नाही. बोरिवलीतल्याच मंडपेश्वरचं तसं नाही. ही शैव लेणी, आत नटराजाचं शिल्प. साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेल्यावर सोळाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो यांनी लेण्याचं चर्च केलं आणि माथ्यावर मठ बांधला. त्याचे अवशेष अजून उभे आहेत. १७३७मध्ये साष्टी आणि १७३९मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, चित्र पुन्हा पालटलं. आज तिथे पूजा होते, आणि दगडात कोरलेला क्रूसही दिसतो. वर्गात पाटील असतो, डिमेलोही असतो. डिमेलोचं घराणं कदाचित साष्टीच्याच मातीतलं, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, पाटलाइतकंच जुनं. शिक्षकाने काय सांगायचं?

माझं मत, सगळं सांगायचं आणि क्रमाने सांगायचं. देवळाचं चर्च झालं हे लपवायचं नाही, आणि ते डिमेलोच्या खात्यावरही मांडायचं नाही. एनसीईआरटीच्या त्याच आठवीच्या पुस्तकात, मध्ययुगातल्या क्रौर्याचं वर्णन करताना, गतकाळातल्या कृत्यांसाठी आजच्या कोणाला जबाबदार धरू नये अशी चौकट टाकली आहे. चौकट योग्य आहे. पण ती वाचून दाखवली की काम झालं, असं मानणारा शिक्षक मंडपेश्वरला अडखळेल. कारण तिथे मुलं पुस्तकाकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात.

हे जमतं, याला पुरावा आहे. फ्रान्स आणि जर्मनी दोन महायुद्धं एकमेकांविरुद्ध लढले. दोन्ही देशांच्या शाळांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक असावं, ही सूचना २००३मध्ये तिथल्या तरुणांच्या संसदेने केली आणि २००६मध्ये पहिला खंड आला. आपल्याला तर फक्त एका जिन्यावरची दोन घरं जुळवायची आहेत.

अडचण विचारांची कमी आणि वेळापत्रकाची जास्त आहे. शिक्षक निवडणुकीच्या कामावर, पोर्शन डोक्यावर, सहल म्हणजे वॉटर पार्क. कान्हेरीला शाळा जातात, पण डबे खाऊन परततात; तिथल्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१मध्ये येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत, हे मुलांना कोणी दाखवत नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये १५७९चं, आता पडकं झालेलं चर्च आहे. ते बघायला औद्योगिक क्षेत्राच्या फाटकातून आत जाण्याची परवानगी मिळवण्यापासून सुरुवात. पण सामाजिक शास्त्रांचे वीस गुण शाळेच्याच हातात असतात. एका वहीत एक वीरगळ, त्याचं चित्र आणि ‘हे मला कसं कळलं’ याची दहा ओळींची नोंद, एवढ्यासाठी त्यांतले पाच गुण द्यायला मंत्रालयाचा आदेश लागत नाही. मुख्याध्यापकांची सही पुरते.

पुढच्या भागात : चौथीचं ‘शिवछत्रपती’ आणि त्यातली चित्रं.