पॉल टूर्निए : ‘व्यक्तीचे वैद्यक’ मांडणारे डॉक्टर

जिनिव्हात १८९८ साली एका पाद्र्याच्या घरी जन्मलेले आणि बालपणीच आई-वडिलांना पारखे झालेले पॉल टूर्निए त्याच शहरात सर्वसाधारण रोगांवर उपचार करत. मात्र १९३२ मध्ये आत्मपरीक्षण, दोषांची कबुली आणि मौनचिंतन यांवर भर देणाऱ्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीशी संबंध आल्यावर त्यांची रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

शारीरिक तक्रारींमागे अनेकदा भय, अपराधभाव किंवा कौटुंबिक कलह असतो, हे ओळखून त्यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात ‘व्यक्तीचे वैद्यक’, म्हणजे शरीर, मन आणि आत्मा यांचा एकत्रित विचार करणारी उपचारदृष्टी, मांडली. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी फ्रॉइड आणि युंग यांच्या विचारांची दखल घेतली आणि औषधांना संवादाची जोड दिली. १९५५ च्या ग्रंथात त्यांनी समाजात वठवली जाणारी भूमिका आणि तिच्याआडची खरी व्यक्ती यांतील भेद स्पष्ट केला, तर पुढे अपराधभावाचे विवेचन करताना इतरांच्या अपेक्षांतून लादलेला खोटा अपराधभाव खऱ्यापासून वेगळा काढला.

१९८६ मध्ये निधन पावलेल्या टूर्निए यांचे महत्त्व हे, की त्यांनी श्रद्धेला औषधाचा पर्याय न मानता रुग्णाचे ऐकून घेण्याची प्रेरणा मानले.