‘अ‍ॅडव्हर्स’ म्हणजे नेमके कोणाच्या विरुद्ध?

अमेरिकेत बिऱ्हाड थाटलेल्या माणसाला ‘अ‍ॅडव्हर्स’ या विशेषणाची गाठ चुकवता येत नाही. बँकेने कर्ज नाकारले की ‘अ‍ॅडव्हर्स अ‍ॅक्शन’ची नोटीस घरी येते. औषधाबरोबरच्या बारीक टाईपातल्या कागदावर ‘अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन्स’ची लांबलचक यादी असते. आरोग्यविम्याच्या चर्चेत ‘अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन’ डोकावते. आणि चार मराठी माणसे जमून गावाकडच्या बंद घराचा विषय निघाला की कोणीतरी ‘अ‍ॅडव्हर्स पझेशन’ची भीती घालतोच.

शब्दकोशात या शब्दापुढे ‘प्रतिकूल’ असे लिहिलेले असते आणि आपण मनातल्या मनात त्याचे भाषांतर ‘वाईट’ असे करून टाकतो. माझ्या मते गफलत होते ती इथेच. हा शब्द एखादी गोष्ट चांगली की वाईट हे सांगत नाही. ती कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे, हे सांगतो. त्यामुळे तो वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कोणाच्या विरुद्ध? या एका प्रश्नाने पुष्कळशी घबराट कमी होते आणि क्वचित जिथे खरोखर घाबरायला हवे तिथे वेळेवर जाग येते.

आधी शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणे किंवा वळवणे आणि ‘आद’ म्हणजे कडे. या दोहोंपासून ‘आदव्हर्सुस’, म्हणजे ‘कडे वळलेला’, ‘समोर तोंड केलेला’. आपल्या भाषेत याला ‘अभिमुख’ हा तंतोतंत प्रतिशब्द आहे. मूळ लॅटिनमध्ये या शब्दात वैर असलेच पाहिजे असे नव्हते. देवांविषयीची भक्ती सांगतानाही रोमन लोक हाच शब्द वापरत. रोमन गृहस्थ रोजचे व्यवहार घाईघाईने टिपून ठेवायची कच्ची वही वापरत, तिचे नावही ‘आदव्हर्सारिया’, म्हणजे डोळ्यांसमोर उघडी असलेली. जाहिरातीसाठीचा ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ हा शब्दही याच घरातला, कारण जाहिरात तरी काय करते? लोकांचे लक्ष आपल्याकडे वळवते.

मग ‘समोरचा’ हा ‘शत्रू’ कसा झाला? याचे उत्तर शोधायला रोमला जाण्याची गरज नाही. आपल्या कोर्टकचेऱ्यांत आणि लग्नाच्या बैठकींतही ‘समोरची पार्टी’ म्हणतात, ती फक्त जागेने समोर नसते! रणांगणावर जो तोंडासमोर उभा तो वैरी; प्रवासात जो वारा तोंडावर येतो तो अडवणारा. अशा रीतीने दिशेतून विरोध आणि विरोधातून नुकसान, असा अर्थ सरकत गेला. चौदाव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत उतरला, तेव्हा ‘विरोधी’ आणि ‘हानिकारक’ या दोन्ही छटा त्याला चिकटलेल्या होत्या.

या ‘व्हर्तेरे’शी आपले नाते आणखी जवळचे आहे. भाषाशास्त्रज्ञ तो धातू आणि संस्कृतमधला ‘वृत्’ हा धातू एकाच मुळाचे मानतात. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, प्रवृत्ती, निवृत्ती हे सगळे ‘वृत्’चे वंशज. इंग्रजी ‘व्हर्स’ आणि आपले कवितेचे ‘वृत्त’ हे म्हणून चुलतभाऊ लागतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दिवसातून दहादा ‘व्हर्शन’ म्हणतात. त्याला मराठीत ‘आवृत्ती’ म्हणताना आपण भाषांतर करत नसून नातेवाइकालाच हाक मारत असतो.

पण ‘प्रतिकूल’ हा आपला शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. ‘कूल’ म्हणजे नदीचा तीर. तीराला धरून, प्रवाहाच्या कलाने जाणारे ते अनुकूल. त्याच्या उलट जाणारे ते प्रतिकूल. लॅटिनमध्येही प्रवाहाविरुद्ध नाव हाकण्यासाठी ‘आदव्हर्सुस’ याच विशेषणाचे रूप वापरत. तेव्हा नदी वाईट नसते आणि नावही वाईट नसते. दोघांच्या दिशांचे पटत नाही, एवढेच. वरच्या गावाला निघालेल्या नावाड्याला जो प्रवाह प्रतिकूल, तोच खालच्या गावाला निघालेल्याला अनुकूल. लंडनहून न्यूयॉर्कला येणारे विमान जाताना लागतो त्याहून तासाभराने जास्त वेळ घेते, तेही याच कारणाने. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वारा तोच. आपले तोंड मात्र उलट दिशेला.

हा मूळ अर्थ जसाच्या तसा जपला गेला तो माझ्या अभियांत्रिकीच्या क्षेत्रात. द्रवगतिशास्त्रात ‘अ‍ॅडव्हर्स प्रेशर ग्रेडियंट’ नावाची संज्ञा आहे. प्रवाह ज्या दिशेने जात आहे त्याच दिशेने पुढे दाब वाढत गेला, तर त्याला चढणीवर चालावे लागते. अशा दाबाला अ‍ॅडव्हर्स म्हणतात. पृष्ठभागालगतचा थर घर्षणामुळे आधीच मंदावलेला असतो. तो ही चढण चढता चढता थकतो, थांबतो आणि पृष्ठभागापासून सुटतो. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली हे उलगडून दाखवले आणि विमानाचा पंख फार तिरका केला की तो उचल का गमावतो, हे समजण्याचा मार्ग मोकळा झाला. पण गंमत अशी, की हाच अ‍ॅडव्हर्स दाब टर्बाइनच्या तोंडाशी हळूहळू रुंद होत जाणाऱ्या नळीत आपण मुद्दाम निर्माण करतो, कारण वेगाचे दाबात रूपांतर तिथेच होते. नळी बेताने रुंदावली तर काम फत्ते. एकदम रुंदावली तर प्रवाह भिंतीपासून सुटतो. म्हणजे ‘अ‍ॅडव्हर्स’ हे तिथे दूषण नसून वर्णन आहे.

‘अ‍ॅडव्हर्स’ म्हणजे नुसते ‘गैरसोयीचे’ की ‘मुद्दाम विरोधी’, हा वाद एकदा खरोखरच न्यायालयात गेला. इंग्लंडमध्ये १८५४ च्या एका कायद्यात अशी तरतूद होती, की आपणच बोलावलेला साक्षीदार न्यायाधीशांच्या मते ‘अ‍ॅडव्हर्स’ ठरला तर त्याने पूर्वी दिलेले उलट निवेदन त्याच्याविरुद्ध पुढे आणता येते. आता आपल्या साक्षीदाराने प्रामाणिकपणे जे सांगितले त्याने आपलाच दावा ढिला पडला, तर तो अ‍ॅडव्हर्स झाला का? १८५९ च्या ग्रीनो विरुद्ध एकल्स या खटल्यात न्यायालयाने ठरवले की नाही. नुकसानकारक साक्ष पुरेशी नाही, साक्षीदाराचे मन वैरी असले पाहिजे. भारतातल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हा शब्दच टाळला आणि आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी करू द्यायची की नाही, हे कलम १५४ मध्ये न्यायालयाच्या मर्जीवर सोडले. (१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे.) मराठी वर्तमानपत्रांनी मात्र ‘साक्षीदार फितूर झाला’ असे म्हणून या वादाचा निकाल केव्हाच लावून टाकला. ‘फितूर’मध्ये मन बदलल्याचा अर्थ आहे, नुसत्या गैरसोयीच्या साक्षीला कोणी फितुरी म्हणत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या ‘अ‍ॅडव्हर्स पझेशन’कडे वळू. भारताच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार खाजगी मालमत्तेसाठी ही मुदत १२ वर्षांची आहे. मालकाने त्या काळात दावा लावला नाही, तर त्याचा हक्क संपुष्टात येऊ शकतो. पण ही १२ वर्षे मोजायची केव्हापासून? दुसरा माणूस घरात राहायला आला त्या दिवसापासून नव्हे, तर त्याचा ताबा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून. म्हणजे इथेही सगळी मदार ‘अ‍ॅडव्हर्स’ या एका शब्दावरच आहे. भाडेकरू, राखणदार किंवा आपल्या परवानगीने राहणारा पुतण्या २५ वर्षे राहिला, तरी केवळ तेवढ्याने तो ताबा अ‍ॅडव्हर्स होत नाही, कारण तो आपल्या हक्काखाली राहतो, हक्काविरुद्ध नव्हे. सहमालक भावाचा ताबाही सर्वसाधारणपणे सगळ्यांच्या वतीने आहे असेच धरले जाते. घड्याळ सुरू होते ते ‘हे घर तुमचे नाही, माझे आहे’ अशी भूमिका त्याने उघडपणे घेतली की.

याचा अर्थ परदेशात बसून निर्धास्त राहावे असा नाही. परवानगी तोंडी असेल आणि ती देणारे वडील हयात नसतील, तर ‘परवानगीने’ की ‘विरुद्ध’ हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला, की असा हक्क परिपक्व झालेला माणूस केवळ बचाव म्हणून नव्हे, तर स्वतः दावा लावूनही तो मागू शकतो. म्हणून परवानगी कागदावर असावी, कर आपल्या नावाने भरावा, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड अधूनमधून पाहावे. आणि विरोधाचा पहिला उघड शब्द कानावर आला की नातेसंबंधांच्या भिडेपोटी वर्षे न घालवता वकील गाठावा.

‘अ‍ॅडव्हर्स अ‍ॅक्शन’ची भीती मात्र बरीचशी अनाठायी असते. नव्याने आलेल्या कुटुंबाला ही नोटीस मिळाली की आपल्यावर काही ठपका आला असे वाटते. प्रत्यक्षात कारणाच्या रकान्यात बहुधा ‘पुरेसा इतिहास नाही’ असे असते. इतिहास वाईट असणे आणि इतिहासच नसणे यांत फरक आहे. ही नोटीस म्हणजे उलट आपल्याला मिळालेला हक्क आहे. १९७४ च्या समान कर्जसंधी कायद्याखाली अर्ज नाकारणाऱ्याने सर्वसाधारणपणे ३० दिवसांत कळवावे लागते आणि नेमकी कारणे सांगावी लागतात किंवा ती मागण्याचा हक्क आहे असे कळवावे लागते. क्रेडिट रिपोर्टच्या आधारे नकार दिला असेल, तर तो रिपोर्ट कोणाकडून घेतला ते सांगणे बंधनकारक आहे आणि ६० दिवसांच्या आत मागितल्यास आपल्याला त्याची प्रत फुकट मिळते. त्यात चूक असेल तर ती दुरुस्त करण्याची मागणी करता येते. तेव्हा हा कागद रागाने फाडून टाकू नये.

‘अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन’मध्ये तर आपण कोणाच्या विरुद्ध हेच विसरतो. ज्याला आजारपणाची शक्यता जास्त दिसते तो विमा घ्यायला आधी धावतो, हे त्याच्या दृष्टीने शहाणपणच. अ‍ॅडव्हर्स आहे ते विमा कंपनीला. वर्षातून ठराविक काळातच आरोग्यविम्याची नोंदणी करू देण्यामागे हे एक मोठे कारण आहे. दोन्ही बाजूंना सारखी माहिती नसली की बाजार कसा कोलमडू शकतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी होते.

सर्वांत जपून वाचायचा तो वैद्यकातला ‘अ‍ॅडव्हर्स’. ‘अ‍ॅडव्हर्स इव्हेंट’ आणि ‘अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन’ या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. औषध घेतल्यानंतर रुग्णाला जो काही अनिष्ट त्रास होईल तो ‘इव्हेंट’, मग त्याचा औषधाशी संबंध असो वा नसो. संबंध असण्याची निदान वाजवी शक्यता असेल तरच ‘रिअ‍ॅक्शन’. औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत १९९४ पासून हा भेद स्पष्ट मांडलेला आहे. अमेरिकेत लसीनंतरच्या घटनांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा १९९० साली सुरू झाली. तिच्याकडे कोणीही नोंद करू शकतो. २०२१ मध्ये कोविडच्या लसींबाबत अनेकांनी या नोंदींचे आकडे ‘लसीमुळे झालेले अपाय’ म्हणून वाचले, ते हा भेद न कळल्यामुळे. मराठीत तो चुटकीसरशी सांगता येतो: ‘औषधाने झालेला त्रास’ आणि ‘औषध घेतल्यावर झालेला त्रास’. आई-वडिलांना डॉक्टरांकडे नेऊन दुभाष्याचे काम करणाऱ्यांनी हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवावेत. ‘याने अपाय होतो’ असे सरसकट सांगितले, तर घरी आल्यावर आई गोळ्याच घेणार नाही.

शेवटी, शाळा-कॉलेजातल्या मुलांना ज्या जोडीने घोटाळ्यात टाकले आहे ती ‘अ‍ॅडव्हर्स’ आणि ‘अव्हर्स’. दुसऱ्यात उपसर्ग ‘पासून दूर’ या अर्थाचा आहे, म्हणजे तोंड फिरवलेला, आपला ‘विमुख’. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांना १७५५ च्या आपल्या कोशात या शब्दापुढे ‘फ्रॉम’ हेच अव्यय योग्य वाटत होते. लोकांनी त्यांचे ऐकले नाही आणि आज सर्रास ‘टू’ चालते. वापरताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: ‘अव्हर्स’ बहुधा माणूस असतो, ‘अ‍ॅडव्हर्स’ बहुधा परिस्थिती, परिणाम किंवा निर्णय. जोखीम नको असलेला गुंतवणूकदार अव्हर्स. त्याच्या विरोधात गेलेला बाजार अ‍ॅडव्हर्स. मुलांना इंग्रजी स्पष्टीकरण पाठ करायला लावण्यापेक्षा ‘विमुख’ आणि ‘प्रतिकूल’ हे दोन मराठी शब्द द्यावेत. इंग्रजीही नीट कळेल आणि एरवी त्यांच्या कानांवर न पडणारे दोन चांगले शब्द घरात बोलले जातील.