शेतात सापडलेली चकती: नाणं की बिल्ला?

बारामतीजवळच्या काटेवाडीच्या शिवारात नांगरट झाली आणि त्यावर मृगाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की ढेकळं विरघळतात, आतला धातू उघडा पडतो. विहिरीचा गाळ किंवा जुन्या गावठाणातली पांढरी माती शेतात पसरली तरी तेच होतं. इंग्लंडमध्ये हौशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालतात. आपल्याकडे ते काम बहुतेक वेळा नांगर आणि पाऊस करतात. तांब्यापितळेची गोल चकती हाती लागली की घरात पहिला प्रश्न निघतो, 'किती येतील हिचे?' माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: ही कुणी काढली आणि कशासाठी?

टोकन म्हणजे काय

नाणं सरकार पाडतं. टोकन किंवा बिल्ला एखादा व्यापारी, गिरणी, मळा किंवा उपाहारगृह आपल्या व्यवहारापुरता काढतं. इंग्लंडमध्ये १६४८ ते १६७२ या काळात सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई होती की दुकानदारांनी आपापल्या नावाचे तांब्या-पितळेचे तुकडे चालवले. आसाम आणि सिल्हेटच्या चहामळ्यांत मजुरीपोटी बिल्ले दिले जात. त्यांतले काही थेट बर्मिंगहॅमहून पाडून आणलेले होते. गिरण्या-कारखान्यांतले बिल्ले मात्र बहुधा पैशाऐवजी नव्हते, ते कामगाराच्या हजेरीचे होते. असा बिल्ला म्हणजे एका माणसाची ओळख असते. त्यावर राजाचं नाव नाही म्हणून तो कमी मोलाचा, हा समज सोडून द्यावा.

आधी काय वगळायचं

शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. कडेची अक्षरं बहुधा अर्धवट, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. मधोमध मोठं भोक, त्याभोवती १९४३ ते १९४७ यांपैकी साल आणि मुकुट दिसला तर तो भोकाचा पैसा. देवाचं उभं चित्र एकाच बाजूला उठवलेलं असेल तर देव्हाऱ्यातला टाक असण्याची शक्यता मोठी. जेजुरी जवळ असल्याने या भागात खंडोबाचे टाक घरोघर आहेत. वर कडी असलेली पातळ चकती पुतळ्यांच्या माळेतली असू शकते. पुतळ्यांचा घाट व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेला, त्यामुळे पाहणारा हमखास फसतो.

एका प्रकाराबद्दल स्पष्टच सांगायला हवं. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असं साल असलेले तुकडे कंपनीची नाणी नाहीत. ते देवस्थानी विकले जाणारे, पूजेचे तुकडे आहेत. 'हे नाणं तांदूळ ओढतं, परदेशात कोट्यवधींना जातं' असं सांगून अनेकांना लुबाडलं गेलंय. असं कुणी दारात आलं तर सरळ पोलिसांना कळवावं.

भोक आणि आकडे

बिल्ल्याची खरी हकिकत इथे सापडते. चकती उन्हात तिरकी धरा, म्हणजे उजेड एका बाजूने सरपटत येईल आणि पुसट अक्षरंही सावली टाकतील. आधी भोक पाहा. अक्षरं भोकाला वळसा घालून बसवलेली असतील, तर भोक मुळातलंच. वस्तू खिळ्याला किंवा दोरीत अडकवण्यासाठीच घडवलेली आहे. भोकाने एखादं अक्षर कापलं असेल तर ते मागाहून पाडलेलं आहे, बहुधा ताईत किंवा पदक म्हणून गळ्यात घालण्यासाठी. भोकाची वरची कड झिजून लांबट झाली असेल, तर ती चकती बराच काळ टांगलेली राहिली, हे नक्की.

मग आकडे. नाव सुबक आणि एकसारखं, पण क्रमांक वाकडातिकडा, एक आकडा वर, एक खाली, अशी चकती वारंवार दिसते. नाव ठशात एकदमच उठवलेलं असतं आणि क्रमांक मात्र कुणीतरी हातोडीने एकेक आकडा ठोकून घातलेला असतो. चकती उलटवली की त्या ठोक्यांचे उंचवटे बोटाला लागतात. असा क्रमांक म्हणजे हजेरीचा, अवजाराचा किंवा हमालाचा बिल्ला. त्याउलट 'एक कप', 'अर्धा शेर', 'एक आणा' असं काही असेल तर तो वस्तूच्या किंवा पैशाच्या बदल्यात चाललेला.

काळ कसा ठरवायचा

साल नसलं तरी खुणा असतात. आणा, पै हे शब्द असतील तर बिल्ला बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. 'सहकारी साखर कारखाना' असेल तर १९५० च्या मागे जाता येत नाही. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना, प्रवरानगरचा, त्याच सुमाराचा. नुसता 'सहकारी' शब्द १९०४ च्या कायद्यानंतरचा. मोडी अक्षरं दिसली तर जाणकाराकडून वाचून घ्यावीत. ॲल्युमिनियम असेल तर वस्तू विसाव्या शतकातली समजायला हरकत नाही.

परिसराची साक्ष

काटेवाडी बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे. बारामतीत अठराव्या शतकात बाबूजी नाईकांची सावकारी होती, कवी मोरोपंत त्यांच्याच आश्रयाला राहिले. बारामतीच्या पेठेतला पैसा आसपासच्या गावांत फिरलाच असणार. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला. पुढे ऊस आला आणि कारखाने आले: इंदापूर तालुक्यात कळंबला वालचंदनगर, त्याच्या अलीकडच्या बाजूला भवानीनगरचा छत्रपती कारखाना, बारामतीचा माळेगाव. वालचंदनगरची मूळ कंपनी 'मार्सलँड प्राइस' नावाची; बिल्ल्यावर त्या नावाची आद्याक्षरं दिसली तर शोध तिकडे न्यावा. शिवाय तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीत तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. एवढ्या गर्दीत कुणाचं पदक, कुणाचा बिल्ला गळून पडणं साहजिक आहे. म्हणून चकती रस्त्याकडेला सापडली की कालव्याच्या भरावात, यावर निष्कर्ष बदलतो.

घासू नका

चिंच, लिंबू, राख, ब्रासो, काहीही लावू नका. हिरवट थर खरवडला की पुसट अक्षरंही जातात. साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती सोडवावी आणि सावलीत वाळवावी. मग सोनाराच्या काट्यावर वजन करावं, व्हर्नियरने व्यास आणि जाडी मोजावी, दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून घ्यावेत. लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर ते निव्वळ तांबं-पितळ नाही.

कायदा

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात डिटेक्टर घेऊन उकरणं तर नकोच.

कुणाला दाखवावं

नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज आहे. कुठेही जाण्यापूर्वी एका चिठ्ठीवर गट नंबर, खोली, तारीख आणि शेजारी काय सापडलं ते लिहा, आणि ती चिठ्ठी चकतीबरोबरच ठेवा. जागा माहीत नसलेल्या बिल्ल्याबद्दल जाणकारालाही फार थोडं सांगता येतं.